ट्रॅफल्गर स्क्वेअरच्या चर्चखालचं कॅफे, म्हणजे सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स, जरा सविस्तर

लंडन बघायला आलेले आपले लोक ट्रॅफल्गर स्क्वेअरला येतातच, सिंहांपाशी फोटो होतात, नॅशनल गॅलरीच्या पायऱ्यांवर बसून डब्यातले पराठे निघतात, आणि कोपऱ्यावर उंच मनोऱ्याचं पांढरं चर्च दिसतं त्याचाही एक फोटो काढून सगळे बिग बेनकडं चालायला लागतात. मी म्हणते पाच मिनिटं थांबा. चर्चकडं तोंड करून उभं राहिलं की डाव्या अंगाला एक गोल काचेची खोली दिसेल, तिच्यातून जिना खाली जातो, लिफ्ट पण आहे. खाली उतरा. खाली विटांच्या कमानी, जाडजूड खांब, पायाखाली जुने थडग्यांचे दगड आणि त्यावर टेबलं-खुर्च्या मांडलेल्या, एका बाजूला काउंटर, ट्रे उचलायचा, सूप घ्यायचं, चहा घ्यायचा आणि जागा दिसेल तिथं टेकायचं. कॅफे इन द क्रिप्ट म्हणतात याला. क्रिप्ट म्हणजे चर्चखालचं तळघर, जिथं पूर्वी माणसं पुरायचे.

खाण्याचं आधी सांगून टाकते कारण रिव्ह्यू वाचणारे तेच शोधत असतात. सूप आणि पाव पोटभर होतो, गरम एखादी डिश असते, व्हेज काहीतरी असतंच, आणि गोडात ॲपल क्रंबलवर गरम कस्टर्ड ओतून मिळालं तर ते सोडू नका, नाईट ड्युटी करून आलेल्या माणसाला त्याच्यासारखं काही नाही. चहा इंग्लिश पद्धतीचा, आपला उकळलेला नाही, त्याची अपेक्षा ठेवू नका. झालं खाण्याचं. मला लिहायचंय ते बसण्याबद्दल.

मी मूळची नगरची, आमचं घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती, इथं नर्स आहे. नगरला चर्चला आम्ही नुसतं चर्च म्हणत नाही, घरात अजून "मंडळी" शब्द चालतो, आमच्या मराठी बायबलमध्ये पण तोच शब्द आहे. मंडळीत भांडण झालं, मंडळीनं वर्गणी काढली, मंडळी वाट बघतेय. म्हणजे भिंती नाही, माणसं. आणि खरं सांगायचं तर आमची मंडळी भरायची ती उपासना संपल्यावर, बाहेर लिंबाच्या झाडाखाली. आत दीड तास शिस्तीत बसायचं, मग बाहेर आलं की तासभर कुणी घरी जायचं नाव घ्यायचं नाही, "सलाम, सलाम" करत एकेकाला भेटायचं, पाळकांशी कुणी हळू आवाजात घरचं काही बोलायचं, कुणाच्या पोरीचं स्थळ, कुणाची बदली, कुणाच्या आजीला दवाखान्यात न्यायचंय त्याला रिक्षा कुणाची, सगळं तिथं ठरायचं. नाताळात आणि कापणीच्या सणाला प्रीतिभोजन असायचं, सतरंज्या अंथरून पंगत, वाढायला तरुण पोरं. शेजारच्या गल्लीतली हिंदू-मुसलमान पोरं पण पंगतीत असायची, त्यांना कुणी विचारायचं नाही कुणाचा तू म्हणून. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं आम्ही टाळ-तबल्यावर म्हणतो, ती म्हणताना पण माणसं बाक सोडून खाली गोल करून बसतात, कारण टाळ हातात असला की एकामागं एक ओळीत बसून जमतच नाही, समोरच्याचं तोंड दिसावं लागतं.

हे सगळं मी लहानपणापासून बघितलेलं म्हणून त्याची किंमत कधी कळली नव्हती. ती कळली इथं आल्यावर पहिल्या हिवाळ्यात. मी राहायचे त्या उपनगरात एक चर्च होतं, दगडी, सुंदर, घरापासून सात मिनिटांवर. पहिल्याच रविवारी गेले. आत सगळे बाक लाकडी, जमिनीला ठोकलेले, छत एवढं उंच की हीटरची ऊब सगळी वरच जात होती, माणसं कोट घालून बसलेली. उपासना संपली आणि मी आपली सवयीनं थांबले, म्हणलं आता कुणी बोलेल. कॉफी होती, पण ती मागच्या अरुंद बोळात एका टेबलावर, तिथं चार माणसं उभी राहिली की पाचव्याला जागा नाही, आणि जे उभे होते ते एकमेकांना तीस वर्षं ओळखणारे. मी कप हातात घेऊन नोटीस बोर्ड वाचत उभी राहिले, सगळा वाचून झाला तरी कुणी बोललं नाही, आणि मग कोटाची चेन लावून बाहेर पडले. असं चार रविवार. चौथ्या रविवारी घरी येऊन रडले, हे अजून कुणाला सांगितलं नव्हतं. ती माणसं वाईट नव्हती हो, पुढं त्यातल्याच दोघीतिघी माझ्या जिवाभावाच्या झाल्या. पण त्या इमारतीत अनोळखी माणसाला टेकायलाच जागा नव्हती, एक तर बाकावर पुढं तोंड करून बस नाहीतर बाहेर जा, मधलं काही नाहीच. लिंबाचं झाड नव्हतं. आणि थंडीच्या देशात लिंबाचं झाड घराच्या आतच लावावं लागतं.

त्याच महिन्यात सेंट मार्टिन सापडलं, ते पण पाऊस होता म्हणून. चेरिंग क्रॉसला उतरले होते, काहीतरी कागद जमा करायचे होते, ऑफिस उघडायला दोन तास होते, पावसात छत्री उलटी झाली आणि समोर काचेची खोली उजेडात दिसली. आत माणसं खाली उतरताना दिसत होती. बघा, ही छोटी गोष्ट वाटते पण तिथंच सगळं आहे. चर्चचा मुख्य दरवाजा म्हणजे समोर मोठे खांब, चढत्या पायऱ्या, जड लाकडी दारं, नवख्या माणसाला वाटतं आत काहीतरी चालू असेल, आपण मध्येच गेलो तर सगळे वळून बघतील. काचेतून आतली माणसं दिसली की ती भीती निघून जाते. मला कुणी "या" म्हणलं नव्हतं, पण ते दारच म्हणत होतं. चहा घेतला, एका खांबापाशी बसले, दोन तास बसले, कुणी उठवलं नाही. शेजारच्या टेबलावर एक म्हातारे गृहस्थ शब्दकोडं सोडवत होते, पलीकडं तीन बायका कसल्यातरी मीटिंगचे कागद पसरून बसल्या होत्या, एक पोरगा लॅपटॉपवर, एक टुरिस्ट कुटुंब ओले मोजे काढून बसलेलं. कुणालाच कुणाचं उत्तर द्यायचं नव्हतं की तू इथं का आलास.

नंतर मी या जागेबद्दल वाचत गेले, आणि लक्षात आलं की हे आपोआप झालेलं नाही, शंभर वर्षं लागलीत याला.

आधी ज्याच्या नावाचं चर्च त्याची गोष्ट. मार्टिन रोमन सैन्यातला शिपाई, आत्ताच्या फ्रान्समधल्या आमियां गावाच्या वेशीवर त्याला थंडीत कुडकुडणारा भिकारी दिसला तेव्हा त्यानं तलवारीनं आपला झगा अर्धा कापून त्याला दिला. अर्धा, म्हणजे दोघांनाही थोडी थोडी थंडी आणि दोघांनाही थोडी थोडी ऊब. "इन द फील्ड्स" म्हणजे शेतातलं, कारण एकेकाळी वेस्टमिन्स्टर आणि लंडन शहर यांच्या मध्ये इथं नुसती शेतं होती, आता तिथं बसच्या रांगा लागतात. आत्ताची इमारत जेम्स गिब्ज नावाच्या आर्किटेक्टनं बांधली, १७२६ साली पूर्ण झाली, आणि खांबांच्या मागून मनोरा वर काढायची त्याची रचना इतकी गाजली की जगभर नकला झाल्या, कलकत्त्याचं १७८७ चं सेंट जॉन्स चर्च आणि चेन्नईचं सेंट अँड्र्यूज ही दोन्ही याच्याच धर्तीवर. म्हणजे आपल्यातल्या पुष्कळांनी हे चर्च न बघताच बघितलेलं आहे.

पण वळण लागलं ते पहिल्या महायुद्धात. १९१४ साली डिक शेपर्ड नावाचे पाळक इथं आले. शेजारीच चेरिंग क्रॉस स्टेशन, तिथून सैनिक फ्रान्सच्या आघाडीवर जायचे आणि तिथंच परत यायचे, चिखलात माखलेले, रात्री-बेरात्री, जायला जागा नाही. शेपर्डनी चर्चची दारं रात्रभर उघडी ठेवली. सैनिक येऊन झोपायचे. युद्ध संपलं तरी दार बंद केलं नाही, मग बेघर लोक यायला लागले, आणि कायम उघड्या दाराचं चर्च अशी त्याची ओळखच झाली. १९२४ च्या जानेवारीत रेडिओवरून चर्चमधल्या उपासनेचं पहिलं प्रक्षेपण बीबीसीनं इथूनच केलं, म्हणजे जे अंथरुणाला खिळलेत, येऊ शकत नाहीत, त्यांच्यासाठी पण दार उघडं. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडायचे तेव्हा लोक याच तळघरात आसऱ्याला यायचे. मी ज्या खांबापाशी चहा पिते तिथं कुणीतरी पोरांना कुशीत घेऊन रात्र काढली असेल हा विचार माझ्या डोक्यात दर वेळी येतो.

कॅफे सुरू झालं १९८७ साली. आणि मग २००८ साली मोठं नूतनीकरण पूर्ण झालं, आर्किटेक्ट एरिक पॅरी यांच्या ऑफिसनं डिझाइन केलेलं, ३ कोटी ६० लाख पौंडांचं काम. आकडा ऐकून डोळे पांढरे होतात, मला पण पहिल्यांदा वाटलं एवढ्यात किती लोकांची जेवणं झाली असती. पण काय केलं ते बघा. चर्च आणि शेजारच्या इमारतींच्या मध्ये जी गल्ली होती तिच्याखाली जमीन खोदून जागा काढली, वरून उजेड आत यावा म्हणून मोठा उजेडाचा चौक सोडला, तळघराला तळघरपण येऊ दिलं नाही. खाली हॉल, छोटं प्रार्थनेचं चॅपल, शिवाय इथं चिनी मंडळी आहे, कॅंटोनीज आणि मँडरिनमध्ये त्यांची उपासना होते, त्यांच्यासाठी जागा, बेघरांसाठीच्या कामाची जागा, हे सगळं. आणि त्यात यायला ती काचेची खोली, जिथून लिफ्ट आहे. लिफ्ट हा शब्द मी परत परत लिहिणार आहे कारण माझी मम्मी.

मम्मीचे दोन्ही गुडघे गेलेले. ती दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात आली होती तेव्हा तिला मी लंडनमधली किती तरी सुंदर चर्च बाहेरून दाखवली, बाहेरूनच, कारण पायऱ्या. इथं मात्र ती लिफ्टनं खाली आली, बाथरूम त्याच पातळीवर (म्हाताऱ्या माणसांना घेऊन फिरणाऱ्यांना विचारा या वाक्याची किंमत), आणि मग पायाखालचे दगड बघून थबकली. "अगं कुणाच्या तरी कबरीवर बसून चहा प्यायचा का?" मी म्हणलं मम्मी सगळेच बसलेत. ती नाही बसली आधी. वाकता येत नाही तरी काठी धरून वाकली, एका दगडावरची झिजलेली अक्षरं बोटानं चाचपून वाचायचा प्रयत्न केला, नाव काही लागलं नाही, तेव्हा हळूच म्हणाली, "सलाम हं, बसतो आम्ही." आणि बसली. मग दीड तास उठायला तयार नाही. शेजारच्या टेबलावर एक आयरिश आजी होत्या, दोघींना एकमेकींची भाषा धड येत नाही, पण गुडघ्याच्या ऑपरेशनवर दोघी हातवारे करून इतकं बोलल्या की मी मध्ये दुभाषी म्हणून नकोच झाले. निघताना त्या आजींनी मम्मीच्या गालाला हात लावला.

मला वाटतं चर्चमध्ये भेटायची जागा करायची म्हणजे हे करायचं. दोन म्हाताऱ्या बायकांना शेजारी बसता आलं पाहिजे, इतकंच, पण त्या इतक्यासाठी लिफ्ट लागते, ऊब लागते, खुर्ची हलवता यावी लागते, उजेड लागतो, आणि बाथरूम लागतं.

हे मी आता अनुभवानं सांगते, कारण आमच्या त्या उपनगरातल्या चर्चमध्ये पुढं हेच काम निघालं आणि मी त्या कमिटीत होते. छोटं काम, आमच्याकडं कोटी-बिटी काही नव्हते, केक विकून आणि वर्गणी काढून पैसे जमवले. मागचे बाक काढायचे, तिथं मोकळी जागा, एक छोटा ओटा, सिंक, आणि एक अपंगांना जमेल असं बाथरूम. ऐकायला सोपं आहे. पण इंग्लंडच्या चर्चमधला एक बाक जरी काढायचा तरी डायोसिसकडून, म्हणजे बिशपच्या प्रांताकडून, फॅकल्टी नावाची परवानगी लागते, नकाशे, जुन्या वस्तूंच्या जाणकारांची मतं, सगळं. आणि त्याहून अवघड मंडळीतलीच माणसं. एक आजोबा होते, त्यांनी सांगितलं त्या बाकावर माझी बायको चाळीस वर्षं बसायची. आता यावर काय बोलणार? आम्ही गप्प बसलो. मग कुणीतरी सुचवलं की त्या बाकाचंच लाकूड वापरून ओट्याचा वरचा भाग करायचा. आजोबांनी स्वतः पॉलिश केलं ते. आता चहा त्यांच्या बायकोच्या बाकावरूनच दिला जातो आणि दर रविवारी द्यायला तेच उभे असतात.

त्या कामासाठी आम्ही सहाजण एका शनिवारी सेंट मार्टिनला मुद्दाम बघायला गेलो होतो, वही-पेन घेऊन, आणि तिथं बघून जे ठरवलं ते इथं लिहिते, कुणाला आपल्या चर्चसाठी, नाहीतर देवळाच्या सभामंडपासाठी किंवा सोसायटीच्या हॉलसाठी उपयोगी पडलं तर पडू दे. सगळ्यात आधी दार. आमच्या जड लाकडी दाराच्या आत आम्ही काचेचं दुसरं दार बसवलं, चर्च उघडं असेल तेव्हा लाकडी दारं पूर्ण उघडी टाकायची, रस्त्यावरून आतला दिवा आणि माणसं दिसली पाहिजेत. या एका बदलानं जेवढी माणसं आली तेवढी पत्रकं वाटून आली नव्हती. दुसरं, चहाचा ओटा दारातून आत आल्यावर लगेच दिसला पाहिजे पण अगदी दारात नको, दारात असला की आत येणाऱ्याला वाटतं हे दुकान आहे, काही घ्यावंच लागेल, आणि फार आत असला की एवढं अंतर चालून जायचा धीर होत नाही. तिसरं ऊब, उंच छताच्या जागेत हवा तापवून उपयोग नाही, ती वर जाते, जमिनीखालून गरम करणं सगळ्यात चांगलं पण महाग, आम्ही तेवढा मागचा तुकडाच केला, आता थंडीत सगळे तिथंच गोळा होतात, मांजरासारखे. आवाजाचं पण बघा, दगड-विटांच्या जागेत आवाज घुमतो, ज्यांना कमी ऐकू येतं ते दोन रविवार येतात आणि मग यायचेच बंद होतात आणि आपल्याला कळत पण नाही का बंद झाले, म्हणून आम्ही जाड पडदे, गालिचा आणि कानाच्या मशीनवाल्यांसाठी लूप, म्हणजे आवाज थेट मशीनमध्ये पोचवणारी तार, बसवली. सेंट मार्टिनला पण ऐकायला कमी येणारं कुणी सोबत असेल तर भिंतीच्या कडेचं टेबल धरा, कमानीच्या मधलं नको.

आणि टेबलं गोल की चौकोनी यावर आमची तीन मीटिंग भांडणं झाली. मी गोलच्या बाजूनं होते, टाळकऱ्यांसारखं. शेवटी छोटी चौकोनी घेतली कारण ती जोडून लांब करता येतात आणि एकट्या माणसाला मोठ्या गोल टेबलावर बसायचा संकोच वाटतो, छोट्या टेबलावर वाटत नाही. हे बरोबर निघालं, मी चुकले होते. एकटं येणाऱ्याचा विचार आधी करायचा असतो. जोडीनं येणारे कुठंही बसतात.

पण नुसत्या सामानानं होत नाही, हे पण तिथंच कळलं. २०१२ साली सेंट मार्टिनला आलेले व्हिकर, म्हणजे मुख्य पाळक, सॅम वेल्स यांचा भर एका गोष्टीवर असतो, माणसासाठी काम करणं वेगळं आणि माणसासोबत असणं वेगळं. नर्स म्हणून मला हे लगेच पटलं. सलाईन लावणं हे पेशंटसाठी, पण रात्री तीन वाजता घाबरलेल्या पेशंटच्या खुर्चीपाशी पाच मिनिटं काही न करता बसणं हे सोबत, आणि दुसरं सोपं नाही, त्याला वेळ लागतो आणि चार्टवर ते कुठं लिहिता येत नाही. सेंट मार्टिनला रविवारी दुपारी, ज्यांना या देशात काम करायची परवानगी नाही आणि सरकारी मदतही मिळत नाही अशा परदेशी लोकांसाठी जेवण असतं, आणि शेजारीच बेघरांसाठी काम करणारं केंद्र आहे. कॅफेत आपण जे पैसे देतो त्यातला नफा चर्चच्या कामाला जातो. मला मनापासून वाटतं की कॅफेतलं टेबल आणि ते रविवारचं टेबल यात जितकं अंतर कमी होईल तितकं बरं, पैसे देऊन चहा पिणारा आणि पैसे नसलेला दोघं शेजारी बसले पाहिजेत, नगरच्या पंगतीसारखे. हे अवघड आहे हे मला माहीत आहे, आमच्याकडं आम्ही चहाची किंमतच लिहीत नाही, डबा ठेवलाय, आमचं छोटं आहे म्हणून जमतं. ट्रॅफल्गर स्क्वेअरला रोज एवढे टुरिस्ट, तिथं कॅफे चाललं म्हणूनच बाकीचं चालतं.

एकदा नोव्हेंबरात तिथल्या एका उपासनेला गेले होते ते सांगितल्याशिवाय हा रिव्ह्यू पुरा होणार नाही. दर वर्षी तेव्हा लंडनमध्ये वर्षभरात वारलेल्या बेघर लोकांची आठवण करतात, आणि नावं वाचतात. मोठ्यानं, एकेक. भाषण नाही काही नाही, नुसती नावं, आणि ती संपतच नाहीत. माझ्या पुढच्या ओळीत एक माणूस बसला होता, पाठीला सगळं सामान बांधलेली पिशवी, एका नावाला त्यानं टोपी काढून छातीशी धरली आणि पुढच्या नावाला परत घातली. मित्र असेल. मी वर बघितलं तर समोर ती पूर्वेची खिडकी, शिराझे हुशियारी या इराणमध्ये जन्मलेल्या कलाकाराची, २००८ साली बसवलेली. रंगीत काच नाही, संत नाहीत, नुसती बिनरंगी काच आणि स्टीलच्या चौकटींची जाळी, मध्ये ती जाळी अशी वाकते जशी पाण्यात काही पडल्यावर रेषा हलते, आणि त्या वाकण्यातून क्रूस तयार होतो. उजेड आहे तसा आत येतो. मला तो क्रूस आधी कळलाच नव्हता, त्या दिवशी कळला. उपासना झाल्यावर खाली कॅफेत गेले, तो टोपीवाला माणूस पण खाली आला होता, कुणाशी तरी बोलत हसत होता.

कुणी जाणार असाल तर जाता येता उपयोगी पडेल असं थोडं. चेरिंग क्रॉस किंवा लेस्टर स्क्वेअर, दोन्ही ट्यूब स्टेशनांवरून चालत. दुपारी जेवणाच्या वेळेला ऑफिसवाले येतात, निवांत बसायचं असेल तर मी तीननंतर जाते. वर संगीताच्या मैफली होतात, दुपारच्या पण आणि संध्याकाळी मेणबत्त्यांच्या उजेडातल्या पण, अकॅडमी ऑफ सेंट मार्टिन इन द फील्ड्स हा जगप्रसिद्ध ऑर्केस्ट्रा याच चर्चमधून निघाला. कॅफेत कधी रात्री जॅझ असतं. वर पायऱ्यांपाशी, मोठ्या दगडातून अर्धवट बाहेर आलेलं नुकतंच जन्मलेलं बाळ कोरलेलं शिल्प आहे, माइक चॅपमन यांचं, नाळेसकट, त्याच्यावरून घाईत पुढं जाऊ नका, मी प्रसूती वॉर्डात काम केलंय म्हणून सांगते, त्या बाळाची मूठ आणि पाय अगदी खरे आहेत. आणि धर्माचं काही मनात आणू नका, माझ्याबरोबर माझ्या वॉर्डातली साताऱ्याची मैत्रीण येते, चतुर्थीचा उपास असला तर नुसता चहा घेते, तिला आजपर्यंत कुणी विचारलं नाही. ती म्हणते सज्जनगडावर समाधीचं दर्शन झाल्यावर प्रसादाच्या पंगतीला बसल्यावर जसं वाटतं तसं इथं वाटतं.

मम्मी नगरला परत गेली तिला आता बरेच दिवस झाले. मागच्या आठवड्यात फोनवर म्हणाली की त्या लिंबाच्या झाडाखाली मंडळी आता पक्की शेड घालणार आहे, पत्र्याची, खाली फरशी, म्हाताऱ्यांना बसायला बाक आणि चहाला एक ओटा, वर्गणी निम्मी जमलीय. रॅम्पचं तिनंच मीटिंगमध्ये उठून सांगितलं, आयुष्यात पहिल्यांदा मीटिंगमध्ये बोलली म्हणे. आणि मग मला म्हणाली, "तिथला तो काउंटर होता ना, मला काठी सोडून ट्रे ठेवता आला होता बघ, त्याची उंची किती होती? मोजून सांग, इथला गवंडी विचारतोय." बुधवारी सुट्टी आहे मला. टेप घेऊन जाणार आहे.